तेल चालत नाही

चाळीस वर्षं ऑक्सिजन विकत घेतला मी,
लोखंडासाठी.
उद्यमबागच्या शेडमध्ये, काळ्या सिलिंडरमधून,
रोज सकाळी देवाआधी
गेजच्या काट्याला तोंड दाखवून.
नव्या पोरांना पहिला धडा हाच:
याच्याजवळ तेलाचा हात आणायचा नाही, बे.
ग्रीस नाही, खोबरेल नाही,
चिवडा खाल्लेली बोटंसुद्धा नाहीत.
पेट घेतो. विचारून घेत नाही.

आता त्याच ऑक्सिजनच्या पोटात
तुला झोपवलंय, भरमा.
आडवं काचेचं नळकांडं,
अंगावर सुती चादर, दुसरं काही नाही.
ताईत काढला, करगोटा कापला.
ईरण्णा टेक्निशियन दारातच तुझ्या केसांत बोटं घालतो,
बोटं नाकाशी नेतो,
"एण्णी हच्चिल्लल्ल?"
तुझी आई मान हलवते. नाही लावलं.

कडोलीच्या शिवारातली ती विहीर.
गाळ काढायला डिझेलचं इंजिन आत सोडलेलं,
आणि धुराला वर यायला वाट नाही.
फूटव्हॉल्व्ह अडकला म्हणून तू उतरलास,
"दहा मिनिटांत येतो, चहा ठेवा."
चहा उतू गेला.
लुमाण्णानं दोर लावून वर ओढलं तेव्हा
ओठ लालबुंद होते तुझे,
लोक म्हणाले, बघा, रंग आहे अजून.
तो रंगच खोटा होता.

डॉक्टर म्हणाल्या,
मेंदूचा काही भाग गेलाय, काही नुसता दबून बसलाय,
कुठला कुठे ते आज सांगता येत नाही.
चाळीस बैठका करून बघू. खात्री देत नाही.
मी म्हटलं, वेल्डिंगचीपण कोण देतंय, बाई.
खोटं बोललो.
मी द्यायचो. लिहून द्यायचो.
पहिल्या वीस बैठकांना लेथ गेलं.

दाब चढायला लागला की कान दडतात,
चोर्ल्याचा घाट उतरताना दडायचे तसे.
तेव्हा गिळावं लागतं.
तुला गीळ म्हणून सांगायचं कसं?
बारा दिवस काचेला तोंड लावून
"गीळ रे, गीळ" करायलोय,
तुझ्या वाटणीचं मीच गिळायलोय,
घसा कोरडा पडायलाय.
तेराव्या दिवशी ईरण्णानं माइक ओढला
आणि घरच्या पोराला दटावावं तसं म्हणाला,
"नुंगप्पा. नुंगु."
तुझा कंठ हलला.
मग परत एकदा.

"आपोआपबी होतं कधी कधी," ईरण्णा म्हणाला.
भला माणूस. उगाच आशा विकत नाही.

दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांपायी
मी एक रात्र चौकीत काढलीय,
तुला माहीत आहे, डबा तूच आणला होतास.
आता मीच काचेशी वाकून म्हणायलोय,
नुंगु, बाळा, नुंगु.
शेडमधल्या बसय्याकडून उचलला असशील तो शब्द,
जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या डब्यातली भाकरी मोडताना.
इतका आत कसा गेला, कोण जाणे,
धूरसुद्धा पोचला नाही तिथंवर.

संध्याकाळी वॉर्डात आणल्यावर
तुझी आई पिशवीतून बाटली काढते.
तेवढाच वेळ तिचा.
टाळूवर जिरवते, कानामागं,
चिंचेवरून पडला होतास त्या खोकेवर.
आणि सकाळी सहाला
शिकेकाईनं, तीन पाण्यांनी, सगळं काढते.
मी म्हटलं, सोड की, चाळीस दिवसांनी लाव.
म्हणाली, "तुमचं लोखंड न्हवं ते."

आज धुताना फेस डोळ्यात गेला तुझ्या,
आणि कपाळाला आठी पडली.
चिडायचास तेव्हाची. डावीकडं जरा जास्त.
आम्ही दोघं थांबलो,
तांब्या तिच्या हातात, टॉवेल माझ्या.
मग तिनं उरलेला फेस काढला.
दोनदा वास घेऊन बघितला.
नऊ वाजता ईरण्णा घेणार होता.